पहिल्या शिफ्टचा ऑपरेटर

देवऱ्यांनी पिशवीतून एक गुंडाळी काढली, माझ्या टेबलावर पसरली आणि ती परत गुंडाळली जाऊ नये म्हणून दोन्ही टोकांवर खडूच्या पेट्या ठेवल्या. चार आलेख कागद एकमेकांना चिकटवून केलेला लांबच लांब तक्ता होता. त्यावर तीन आडव्या रेघा. वरची आणि खालची लाल, मधली निळी. त्यांच्यामधून एक काळी रेघ वर-खाली उड्या मारत गेलेली.

"मॅडम," ते गंभीरपणे म्हणाले, "प्रोसेस कंट्रोलमध्ये नाही."

मी चौथीची वर्गशिक्षिका. पालक माझ्याकडे हरवलेले डबे, फाटलेली दप्तरं आणि मारामाऱ्या घेऊन यायचे. प्रोसेस घेऊन आलेले हे पहिलेच.

"कसली प्रोसेस?"

"योगिताची."

योगिता देवरे म्हणजे माझ्या वर्गातली, दुसऱ्या बाकावरची त्यांची मुलगी. दोन वेण्या, अक्षर मोत्यासारखं, बोलणं जेवढ्यास तेवढं. काळी रेघ म्हणजे तिला रोजच्या चाचणीत मिळालेले गुण होते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमची शाळा नाशकात, अंबडच्या कारखान्यांना लागून असलेल्या कामगारवस्तीत होती. वस्तीची घड्याळं भोंग्यावर लावलेली. कोण कधी जेवतं, कोण कधी झोपतं, लग्नाची तारीख कोणती धरायची, सगळं शिफ्टवर ठरायचं. माझ्या वर्गातली निम्मी मुलं वडिलांचा उल्लेख 'पप्पा फर्स्टला आहेत' नाहीतर 'पप्पा सेकंडला आहेत' असा करत.

तेव्हा चौथीला दोन परीक्षा असत. एक शाळेची वार्षिक. ती पास झालं की पाचवी. दुसरी शिष्यवृत्तीची, तिला सगळे स्कॉलरशिप म्हणत. ती राज्यभर एकाच दिवशी व्हायची. भाषा, गणित आणि बुद्धिमत्ता. प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं दिलेली, त्यातलं एक निवडायचं. तिच्यात पास बरीच मुलं व्हायची. शिष्यवृत्ती मात्र जागा असतील तेवढ्यांनाच. वरून नावं लिहीत यायचं आणि जागा संपल्या की रेघ मारायची. रेघेखाली राहिलेलं मूल नापास नसतं. त्याचं पाचवीतही काही अडत नाही.

एवढी साधी गोष्ट, पण पालकांच्या गळी उतरवता उतरवता माझ्या नाकी नऊ येत. दिवाळीनंतरच्या पालकसभेत दरवर्षी तोच प्रश्न.

"बाई, स्कॉलरशिपला नापास झालं तर पाचवीत घेत्यात का?"

"घेतात."

"मग बसवायचं कशाला?"

 मी सरावाचं, स्पर्धेचं, आत्मविश्वासाचं काहीबाही बोलायची आणि मग माझं ठरलेलं वाक्य टाकायची. "तुम्ही फक्त एक करा. रोज तासभर मुलांजवळ बसा. टीव्ही बंद. अभ्यास तुमच्या डोळ्यांसमोर होऊ दे."

हे वाक्य मला फार आवडायचं. त्या वर्षी एका गृहस्थांनी ते छोट्या डायरीत लिहून घेतलं. ते देवरे. पालकसभेत लिहून घेणारा बाप दिसला की शिक्षकाला भरून येतं. खरं तर तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

देवरे मूळचे सटाण्याकडचे. अंबडच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर. आपलं काम त्यांनी मला तक्ता आणला त्याच दिवशी, न विचारता, समजावून सांगितलं. मशिनवर लोखंडी नगाला भोक पाडतात. त्या भोकात गेज घालून बघायचा. गेजचं एक टोक आत जायला हवं, दुसरं जायला नको. तसं झालं तर माल ओके. भोक मोठं झालं तर नग भंगारात. लहान राहिलं तर रीवर्क, म्हणजे परत मशिनवर चढवायचं. आणि ठरावीक नगांमागे एकाचं माप चार्टवर टिंबासारखं मांडायचं. टिंबं दोन लाल रेघांच्या आत राहिली पाहिजेत; मधली निळी म्हणजे सरासरी.

"तसाच हा," ते तक्त्यावर बोट ठेवत म्हणाले. "हे बघा. एक आठवडा वर, एक आठवडा खाली. परत वर, परत खाली. पोरगी तीच. घर तेच. खाणं तेच. मग फरक कशात?"

"कशात?"

"राग मानू नका मॅडम. गेजमध्ये."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या पेपरात. आठवड्याआड तुम्ही पेपर अवघड काढता."

मला राग आलाच. वीस प्रश्नांची ती चाचणी मी रोज घरी बसून हाताने काढत होते, प्रार्थना झाली की घेत होते आणि दुपारपर्यंत तपासून देत होते. त्यावर हे मला गेज म्हणणार!

"आमच्याकडे दर महिन्याला गेज तपासतात," देवरे समजुतीच्या सुरात म्हणाले. "त्यात गेजला कमीपणा नसतो."

मी गुणांची वही त्यांच्यापुढे आदळली. त्यांनी शांतपणे खिशातून पेन्सिल काढली आणि पाऊण तास खर्ची घालून दहा-बारा मुलांचे गुण त्याच तारखांना कसे आहेत ते पाहिलं. बाकीच्या मुलांचे गुण आठवड्याआड पडत नव्हते.

"गेज ओके आहे," त्यांनी जाहीर केलं.

माझ्या नोकरीत मला आदर्श शिक्षिका वगैरे कोणी ठरवलं नाही. मिळालेलं प्रमाणपत्र हे एवढंच.

तेवढ्यात हेडसर डोकावले. तक्ता पाहून म्हणाले, "काय बाई, हवामान खात्यात बदली झाली का?" आणि जाता जाता, "यंदा दोन तरी नावं यादीत आणा. फलक रंगवायला टाकलाय."

हेडसर गेल्यावर देवरे खाली बघत म्हणाले, "गेज ओके, म्हणजे माल. मॅडम, यादीत नाही आली तर मी तिला रीवर्कला टाकणार आहे."

"रीवर्कला?"

"दाखला काढतो. दुसऱ्या शाळेत परत चौथीला बसवतो. पुढच्या वर्षी परत परीक्षा. एक वर्ष गेलं तर गेलं. पाया पक्का होईल."

ते अगदी सहज बोलले. वाचन येणारी, गणित येणारी, नियमित येणारी मुलगी त्याच चौथीत परत बसणार. तिच्या बाकावरची सुनंदा पाचवीत जाणार आणि ही रोज तिला गणवेशात जाताना बघणार. त्यातून नऊ वर्षांची मुलगी काय शिकेल, ते कोणत्याही पेपरात विचारत नाहीत. आणि हे सगळं करणारा माणूस दुष्ट असता तर भांडता आलं असतं. हा तर मुलीवर जीव टाकणारा बाप होता.

"हा चार्ट दोन दिवस माझ्याकडे ठेवून जा," मी म्हणाले. 

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत योगिताची आई, निर्मलाताई, फाटकाशी उभी दिसली. हातात डबा. योगिता तो घरी विसरली होती. त्या आठवड्यात दुसऱ्यांदा.

"इसरत नही बाई, मुद्दाम ठेवस," ती हळूच म्हणाली. सटाण्याकडची अहिराणी तिच्या तोंडात अजून तशीच होती; 'खाते'ला 'खास', 'राहतो'ला 'ऱ्हास'. "जेवत नही नीट. रातले झोपमा दात खास. बाप सांजले घर ऱ्हास ना, तवय जास्ती."

"मारतात का तिला?"

"नही वं बाय! हात सुद्धा लावत नही. निसती पेन्सिल धरीसन बसतस."

ती डबा देऊन घाईने गेली. नवऱ्याची चुगली केल्यासारखं तिला वाटलं असावं.

मी योगिताला वर्गातच जवळ बसवलं आणि डबा उघडून दिला. मेथीची भाजी आणि बाजरीची भाकरी होती. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून विचारलं, "पप्पा अभ्यास घेतात?"

"हो. फर्स्टला असले की."

"रागावतात?"

"नाही."

"मोठ्याने बोलतात?"

"नाही बाई." तिला माझे प्रश्न आवडत नव्हते. पप्पांवर कोणी आळ घेतलेला तिला चालणार नव्हता.

"मग काय करतात?"

तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच ठेवला. "'हं' म्हणतात."

"कधी?"

"चुकलं की. लाल पेन्सिलीने टिंब देतात आणि 'हं' म्हणतात."

"आणि बरोबर आलं की?"

तिला प्रश्नच कळला नाही. थोडा विचार करून म्हणाली, "बरोबर आलं की काही नाही. पुढचा प्रश्न."

मग तिनेच सांगितलं, "बाई, मला प्रश्न दिसतच नाही. पेन्सिलच दिसते."

शाळा सुटल्यावर मी तक्ता परत पसरला. यावेळी काळी रेघ सोडून बाकीचं वाचलं. खाली तारखा होत्या. प्रत्येक तारखेखाली बारीक अक्षरात १ नाहीतर २ असा आकडा होता. त्याखाली आणखी एक ओळ आखलेली, 'शेरा' असं लिहिलेली, पूर्ण कोरी. रेघ जिथे जिथे खाली गेली होती तिथे खाली १ होता. जिथे वर, तिथे २. सहा आठवड्यांत एकदाही चुकलं नव्हतं.

कारखान्यात त्यांच्या खात्याला दोनच शिफ्ट होत्या. पहिली सकाळी सात ते साडेतीन. दुसरी साडेतीन ते बारा. आठवड्याआड बदल. पहिली असली की संध्याकाळी देवरे घरी.

तिसऱ्या दिवशी ते आले. मी ठरवलं होतं की आपण सांगायचं नाही. त्यांच्याकडूनच काढून घ्यायचं. वर्गात मी हेच करते, आणि बापाला शिकवणं मुलाला शिकवण्यापेक्षा फार वेगळं नसतं.

"देवरे, कारखान्यात असा चार्ट आला तर तुम्ही काय करता?"

ते खुलले. "आधी मशिन बघतो. मग मटेरियल. मग गेज. सगळं ठीक असलं की शिफ्टवाइज बघतो."

"म्हणून खाली एक आणि दोन लिहिलंय?"

"ती सवय. चार्टवर शिफ्ट लिहायचीच असते. कुणाच्या हातून माल बिघडला ते कळायला."

"आणि ही शेऱ्याची ओळ?"

"कारण सापडलं की लिहायचं."

"मग आता शिफ्टवाइज बघा की."

त्यांनी चष्मा वर सरकवला. बोट पहिल्या खड्ड्यावर ठेवलं, तिथून खाली आकड्यावर. मग दुसरा खड्डा. मग तिसरा. "पहिल्या शिफ्टला माल बिघडतोय," ते कारखान्यातल्या आवाजात म्हणाले.

"पहिल्या शिफ्टला ऑपरेटर कोण?"

शेजारच्या वर्गात तेवीसचा पाढा चालला होता. तो पूर्ण झाला. देवऱ्यांचं बोट तिथेच होतं.

"मी तिला कधी बोट लावलं नाही मॅडम," शेवटी ते म्हणाले.

"मला माहीत आहे."

"तुम्हीच सांगितलं होतं, तासभर जवळ बसा."

"मीच सांगितलं होतं," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला त्यांच्यापेक्षा माझीच जास्त लाज वाटली. जवळ बसा म्हणून सांगितलं होतं. बसून काय करायचं, हे त्या डायरीत कुठे लिहून दिलं होतं मी?

त्यांनी तक्ता गुंडाळला. "कारण सापडलं की निम्मं काम होतं," म्हणाले आणि निघून गेले. आणि मी, कारण सापडल्याच्या आनंदात, पुढे काय करा ते सांगायला विसरले. ही माझी दुसरी चूक.

पुढच्या आठवड्यात योगिताचे गुण वर गेले. देवऱ्यांच्या पहिल्या शिफ्टचा आठवडा असूनही गेले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. त्यानंतर दोन आठवड्यांनी गुण जे घसरले ते खालच्या लाल रेघेच्याही खाली. एके दिवशी तर तिने वीसपैकी नऊ प्रश्न कोरेच ठेवले आणि उरलेला वेळ बाकावर डोकं टेकून काढला.

"झोप येते का गं?"

"मी जागी राहते बाई. पप्पा येईपर्यंत."

"पप्पा तर या आठवड्यात फर्स्टला असतील ना?"

"नाही. आता ते नेहमीच सेकंडला असतात. बारानंतर येतात." मग तिने विचारलं, "बाई, माझे मार्क वाढले तर पप्पा परत फर्स्टला येतील का?"

 मी तिच्या वेणीची सुटलेली रिबीन बांधत बसले.

झालं होतं ते असं. दुसरी शिफ्ट कोणालाच नको असते. देवऱ्यांनी एका सहकाऱ्याशी बदलून परीक्षेपर्यंतची सगळी दुसरी शिफ्ट स्वतःकडे घेतली होती. कारखान्याच्या नियमाप्रमाणे बरोबरच होतं. बिघाडाचं कारण सापडलं, कारण काढून टाकलं. इकडे मुलगी दुपारी शाळेतून घरी यायच्या आत बाप कामावर. सकाळी ती निघताना बाप झोपलेला. मार्कांसाठी पप्पांनी शिफ्ट बदलली, एवढं आईने तिला सांगितलं होतं. त्याचा तिने लावलेला अर्थ असा, की मार्क कमी पडले म्हणून पप्पा घर सोडून गेले.

मी चिठ्ठी पाठवली. देवरे दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर. डोळे तांबारलेले.

"अहो, तुम्हाला कोणी काढून टाकायला सांगितलं होतं?" मी आल्या आल्या सुरू केलं. "बाप म्हणजे काय मशिनचा पट्टा आहे, काढला आणि ठेवला बाजूला?"

"माझ्यामुळे बिघडत होतं ना."

"तुमच्यामुळे नाही. तुमच्या 'हं'मुळे." आणि मी त्यांना योगिताचं सगळं बोलणं सांगितलं. पेन्सिल दिसते, प्रश्न दिसत नाही. आणि ती जागी राहते, हेही.

ते बराच वेळ खुर्चीच्या हातावर अंगठा घासत बसले. मग म्हणाले, "मॅडम, अठरा वर्षं मी ओके मालावर बोललो नाही. ओके माल पुढे जातो. बोलायचं ते रिजेक्टवर. तोंडाला सवयच नाही."

"मग सवय करा. परत पहिली शिफ्ट घ्या. तिच्याजवळ बसा. बरोबर आलं की 'बरोबर' म्हणा."

"नुसतं बरोबर?"

"नुसतं बरोबर."

"बरोबर," ते म्हणाले. आवाज असा, जणू पोलिसांसमोर जबाब देतायत.

"हसून म्हणा."

त्यांनी प्रयत्न केला. तो बघून मलाच हसू आलं. मग तेही हसले. तीन-चार वेळा म्हणून पाहिलं, पण शब्द काही त्यांच्या तोंडात बसेना. शेवटी म्हणाले, "ओके म्हटलं तर चालेल का?"

"चालेल."

"आमच्याकडे ओके मालाला हिरवं टिंब असतं."

"मग द्या की हिरवं टिंब!"

त्या आठवड्यात योगिताच्या सरावाच्या वहीत हिरवी टिंबं दिसायला लागली. बरोबर प्रश्नापुढे हिरवं टिंब. चुकीच्या प्रश्नापुढे काहीच नाही. तो परत करायचा, एवढंच. निर्मलाताईने फाटकाशी गाठून सांगितलं, "बाई, आते दात खात नही." इतकं सांगून हसली आणि निघाली. डबाही आता घरी राहत नव्हता.

गुणांचं म्हणाल तर ते काही आकाशाला भिडले नाहीत. निळ्या रेघेच्या जरा वर जाऊन तिथेच रेंगाळले. योगिताची खरी झेप तेवढीच होती, आणि ती काही कमी नव्हती.

परीक्षेच्या आधी मी आणखी एक पालकसभा घेतली. यावेळी आत्मविश्वास, स्पर्धा वगैरे शब्द घरी ठेवून गेले.

"तुमच्यातले किती जण कारखान्यात आहेत?" मी विचारलं. बहुतेक हात वर झाले.

"वार्षिक परीक्षा म्हणजे गेज. माल ओके आहे की नाही ते बघायचं. तुमची मुलं त्यातून पास होणार आहेत. आता समजा, कारखान्याचा ओके माल प्रदर्शनात मांडायचा आहे. टेबलावर जागा दहा नगांची. ओके माल हजार. तुम्ही दहा निवडता. उरलेले नऊशे नव्वद काय, रिजेक्ट?"

"नाय ओ!" मागून कोणीतरी म्हणालं. "ते गिऱ्हाइकाकडं जात्यात."

"स्कॉलरशिप म्हणजे ते टेबल."

 सभेत कुजबुज सुरू झाली. पहिल्यांदाच मला वाटलं की हे पोचलं. तेवढ्यात देवरे उठले. मला वाटलं, माझी बाजू घेणार.

"मॅडम, दुरुस्ती," ते म्हणाले. "प्रदर्शनातला माल फक्त पुसून ठेवतात. कामाला लागतो तो उरलेलाच."

सगळे हसले. मीही. पण 'रीवर्क'चं त्यांच्या डोक्यातून गेलं की नाही, ते मला अजून ठाऊक नव्हतं. विचारायची हिंमतही होत नव्हती.

परीक्षा रविवारी होती. केंद्र दुसऱ्या एका शाळेत. पेपर सुटल्यावर फाटकात नेहमीचा देखावा. पालक मुलांच्या हातातून प्रश्नपत्रिका हिसकावून घेत होते आणि तिथेच उत्तरं जुळवत होते. एक मुलगा रडत होता, त्याची आई त्याला तेराव्या प्रश्नाबद्दल विचारत होती.

योगिता बाहेर आली. तिने प्रश्नपत्रिका पुढे केली. देवऱ्यांचा हात खिशाकडे गेला, तिथे पेन्सिल असायची. हात खिशातच राहिला.

"किती—" ते म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "रस पिणार?"

"दोन ग्लास," योगिता म्हणाली.

दोघं कोपऱ्यावरच्या उसाच्या गुऱ्हाळाकडे गेले. प्रश्नपत्रिका तिने माझ्याकडेच दिली होती.

निकाल त्या वर्षी शाळा सुरू व्हायच्या सुमाराला आला. आमच्या शाळेचं एकच नाव यादीत, आणि ते योगिताचं नव्हतं. ती पास होती. रेघेपासून थोडीच खाली. हेडसरांनी फलकावर एक नाव रंगवून घेतलं आणि दुसऱ्यासाठी सोडलेल्या जागेत फुलांची वेल काढायला सांगितली.

आमची शाळा चौथीपर्यंतच. त्यामुळे प्रत्येकालाच दाखला काढावा लागे. बाकी सगळे मे महिन्यातच दाखले घेऊन गेले होते. देवरे निकालासाठी थांबले होते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ते आले. बगलेत गुंडाळी. मला म्हणाले, "दाखला पाहिजे होता."

अर्जात एक ओळ असते. 'पुढे कोणत्या इयत्तेत प्रवेश घ्यायचा आहे.' मी अर्ज त्यांच्यापुढे ठेवला आणि उगाच खडूची पेटी आवरायला लागले. ते सावकाश, कारखान्यातल्या सुवाच्य अक्षरात लिहीत होते. नाव. जन्मतारीख. शेवटी माझ्याच्याने राहवेना. मी वळून पाहिलं. 'इयत्ता पाचवी.'

"आणि रीवर्क?" मी विचारलं.

"ओके माल परत मशिनवर चढवला तर बिघडतो, मॅडम," ते म्हणाले. "हे मला कळायला नको?" मग गुंडाळी माझ्याकडे सरकवत म्हणाले, "हे तुमच्याकडे राहू द्या. घरात जागा नाही."

ते गेल्यावर मी ती उघडली. काळी रेघ जानेवारीतच थांबली होती. तारखा मात्र पुढे चालूच होत्या, पार जूनपर्यंत. वरती एकही टिंब नाही. शेऱ्याची कोरी ओळ आता भरलेली होती. डिसेंबरातल्या प्रत्येक खड्ड्याखाली एकच शब्द, 'ऑपरेटर'. जानेवारीपासून पुढे रोज तेच, बारीक अक्षरात. 'जेवली. झोपली.' 'जेवली. झोपली.' मध्येच एके दिवशी 'भाकरी दीड.' परीक्षेच्या रविवारी 'रस दोन ग्लास.' आणि निकालाच्या तारखेखाली, हिरव्या पेन्सिलीने, 'ओके', आणि त्याखाली इन्स्पेक्टर म्हणून त्यांची सही.

दार ओढून घेतलं आणि वर्गात एकटीच बसून रडले. शाळेतल्या नोकरीत असं रडायला फारसा वेळ मिळत नाही.

पुढे बरीच वर्षं मी चौथी शिकवली. स्कॉलरशिपच्या पालकसभा घेतल्या. 'रोज तासभर जवळ बसा' हे वाक्य वहीतून खोडून टाकलं. मुलाचे गुण अचानक घसरले म्हणून कोणी पालक आला, की मी त्याला खुर्ची द्यायची, पाणी द्यायची, आणि मुलाची वही उघडण्याआधी विचारायची, "तुमची शिफ्ट कोणती?"